पन्हाळ्याच्या कातळाहून तरुण उजेड

गेल्या हंगामात भाच्याच्या गुऱ्हाळावर बसलो होतो. काहिलीत रस खदखदत होता, गुळव्या मळी काढत होता. भाचा चुलवाणाच्या उबेला बसून मोबाइलवर एक चित्र बघत होता. मधोमध झगझगीत ठिपका, त्याच्या दोन्ही बाजूंना निघालेला लांब दांडा, आणि दांड्याच्या टोकांपासून वळत गेलेल्या दोन भल्यामोठ्या भुजा. जेम्स वेब दुर्बिणीनं टिपलेल्या १९ सर्पिल दीर्घिकांची चित्रं जानेवारी २०२४ मध्ये जगासमोर आली, त्यातलं हे एक. तेव्हापासून ते फोनाफोनांतून फिरतंय.

"मामा, हे सगळं चक्रासारखं फिरतंय ते कळलं," तो म्हणाला. "पण मधला दांडा कशाचा?"

प्रश्न अगदी मर्मावरचा होता. चित्र बघून बहुतेक जण "काय सुंदर!" म्हणतात आणि पुढं जातात. पण त्या चित्रातली कामाची गोष्ट म्हणजे तो दांडाच. काहिलीच्या गडबडीत मला नीट सांगता आलं नाही, म्हणून इथं सविस्तर लिहितो.

गट नंबर १३६५

आधी दोन शब्दांचा घोळ मिटवू. आपला सूर्य ज्या अब्जावधी ताऱ्यांच्या मेळ्यात राहतो, त्याचं नाव आकाशगंगा. असे मेळे विश्वात अगणित आहेत आणि त्यांचं सर्वसाधारण नाव दीर्घिका. म्हणजे 'गाव' आणि 'कोल्हापूर' यांत जो फरक, तोच 'दीर्घिका' आणि 'आकाशगंगा' यांत. ज्या दीर्घिकेच्या भुजा भिरभिऱ्यासारख्या वळलेल्या असतात ती सर्पिल, आणि तिच्या मध्यातून ताऱ्यांचा सरळ पट्टा गेलेला असेल तर ती दंड-सर्पिल. शब्दांची बाराखडी एवढीच.

चित्रातल्या दीर्घिकेचं नाव एनजीसी १३६५. नाव रुक्ष आहे, पण सातबाऱ्यावरच्या गट नंबरासारखं उपयोगी आहे. १८८८ मध्ये ड्रायर या खगोलशास्त्रज्ञानं तारकागुच्छ, तेजोमेघ आणि दीर्घिकांची एक मोठी यादी छापली ('न्यू जनरल कॅटलॉग', म्हणजेच एनजीसी), त्या यादीतला हा १३६५ वा नंबर. दीर्घिका सापडली होती त्याआधीच, १८२६ मध्ये. जेम्स डनलॉप यांनी ती ऑस्ट्रेलियातल्या पॅरामॅटाहून पाहिली. युरोपातल्या मातब्बर निरीक्षकांच्या हाती ती लागली नाही, कारण ती दक्षिण आकाशात आहे. लंडनहून पाहिली तर ती क्षितिजापासून जेमतेम दोन-अडीच अंश वर येते आणि तिथल्या धुरक्यात विरून जाते. कोल्हापुरातून तीच दीर्घिका ३७ अंशांपर्यंत वर चढते. आपलं गाव १६.७ उत्तर अक्षांशावर आहे, त्याचा हा लाभ.

ती ज्या तारकासमूहात आहे त्याचं मराठी नाव अश्मंत. अश्मंत म्हणजे चूल, भट्टी. लाकाय या फ्रेंच खगोलशास्त्रज्ञानं अठराव्या शतकात रसायनशाळेतल्या भट्टीवरून हे नाव दिलं. गुऱ्हाळावर बसून आम्ही आकाशातल्या चुलवाणाबद्दलच बोलत होतो, हे मला घरी आल्यावर लक्षात आलं.

लांब म्हणजे किती लांब?

अंबाबाईच्या देवळातला किरणोत्सव कोल्हापुरात कुणाला समजावून सांगावा लागत नाही. नोव्हेंबरच्या ९, १० आणि ११ तारखेला, आणि ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारीला, मावळतीचे किरण महाद्वारातून आत येतात. पहिल्या दिवशी चरणांवर, मग वर सरकत तिसऱ्या दिवशी मुखापर्यंत. गाभाऱ्याकडे डोळे लावून उभ्या असलेल्या गर्दीला त्या क्षणी जो उजेड दिसतो, तो सूर्यापासून निघालेला असतो ८ मिनिटं २० सेकंदांपूर्वी. उजेडालाही चालावं लागतं. सेकंदाला सुमारे ३ लाख किलोमीटर चालतो, पण चालतोच.

हाच उजेड वर्षभर चालला तर जेवढं अंतर कापेल ते एक प्रकाशवर्ष: सुमारे साडेनऊ लाख कोटी किलोमीटर. शब्दात 'वर्ष' असलं तरी हे माप अंतराचं आहे.

आता पसारा पाहू. आपली आकाशगंगा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सुमारे १ लाख प्रकाशवर्षं. ती एक भाकरी समजा, २५ सेंटिमीटरची. मग शेजारची मोठी दीर्घिका देवयानी येते सव्वासहा मीटरवर, म्हणजे घरातल्याच दुसऱ्या खोलीत. एनजीसी १३६५ मात्र १४० मीटरवर, गल्लीच्या पार दुसऱ्या टोकाला. आणि तिथं ठेवलेली वस्तू आपल्या भाकरीच्या दुप्पट, चांगली परातीएवढी, कारण तिची रुंदी आहे सुमारे २ लाख प्रकाशवर्षं.

खरे आकडे सांगायचे तर अंतर सुमारे ५.६ कोटी प्रकाशवर्षं. काही मापनांत ते ६ कोटींच्या जवळ जातं. कोणताही आकडा घ्या, एक गोष्ट बदलत नाही आणि मला ती फार भिडते. पन्हाळ्याच्या माथ्यावरचा जांभा संपला की खाली जो काळा कातळ लागतो, तो दख्खनच्या लाव्ह्याचा, सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा. म्हणजे त्या दीर्घिकेतून आज आपल्यापर्यंत पोचणारा उजेड निघाला, तेव्हा पन्हाळ्याचा दगड थंड होऊन पडला होता. डायनोसॉर संपले होते, हिमालय अजून उभा राहायचा होता. आपण ज्याला 'अतिप्राचीन उजेड' म्हणतो, तो आपल्या पायाखालच्या कातळाहून लहान आहे.

पण हे मोजलं कुणी? टेप लावून?

ही शंका रास्त आहे. समजा रात्री गगनबावड्याच्या रस्त्यावर लांब एक दिवा दिसला. तो जवळच्या माणसाच्या हातातली बॅटरी आहे की दोन मैलांवरच्या ट्रकचा दिवा, हे नुसतं बघून सांगता येत नाही. पण तो ट्रकचाच आहे हे दुसऱ्या कशावरून कळलं, तर तो किती मंद दिसतो यावरून अंतर काढता येतं.

काही तारे हा 'दुसरा पुरावा' आपणहून देतात. त्यांना सेफीड म्हणतात. ते ठरावीक दिवसांनी उजळतात आणि मंदावतात, जणू श्वास घेतात. हेन्रिएटा लेव्हिट या अमेरिकी संशोधिकेनं दाखवून दिलं, की ज्या सेफीडचा श्वास लांब, तो मुळात जास्त तेजस्वी. तिचा हा निष्कर्ष १९१२ मध्ये छापून आला. म्हणजे दिवस मोजा, खरं तेज कळेल. दिसणारं तेज त्याच्याशी ताडून पाहा, अंतर मिळेल. १९९० च्या दशकात हबल दुर्बिणीनं एनजीसी १३६५ मधले असे सेफीड वेगळे ओळखले आणि त्यांवरून अंतर काढलं.

शिवाय ही एकच वाट नाही. २७ ऑक्टोबर २०१२ ला या दीर्घिकेत एक तारा फुटलेला दिसला. त्याच्या स्फोटाचा प्रकार असा होता, की त्याचं खरं तेज किती असायला हवं हे आधीच चांगलं माहीत होतं. अशा दोन-तीन वाटांनी काढलेली अंतरं एकमेकांना जुळतात, म्हणून त्यांवर भरवसा ठेवता येतो.

आता दांडा

हा भाग थोडा सावकाश वाचावा, सगळं मर्म इथं आहे.

पहिली गोष्ट, दांडा म्हणजे ओंडका नाही. तो ताऱ्यांचा आहे, आणि ताऱ्यांच्या मधल्या जागा अफाट मोकळ्या आहेत. वारीत दोन तऱ्हेची रिंगणं असतात. गोल रिंगणात अश्व वर्तुळात धावतात, उभ्या रिंगणात वारकऱ्यांच्या रांगांमधून सरळ जाऊन परततात. दीर्घिकेच्या चकतीतले बहुतेक तारे गोल रिंगणात असतात. दांड्यातल्या ताऱ्यांच्या वाटा मात्र लांबट, उभ्या रिंगणाकडे झुकणाऱ्या, आणि त्या सगळ्या लांबट वाटा एकाच दिशेला लागलेल्या. लांबून पाहणाऱ्याला त्यांचा मिळून एक पट्टा दिसतो, आणि तो पट्टाही संथपणे फिरत असतो. एनजीसी १३६५ च्या दांड्याच्या बाहेरच्या भागाला एक फेरी पुरी करायला सुमारे ३५ कोटी वर्षं लागतात.

दांडा तयार का होतो? चकतीत कुठंतरी ताऱ्यांची रचना किंचित लांबट झाली, की तिची ओढही लांबट होते. ती आजूबाजूच्या ताऱ्यांना आपल्या रांगेत ओढते, त्यानं ओढ आणखी वाढते. रांगेत माणसं बघून माणसं उभी राहतात, तसं. यासाठी बाहेरून कुणी धक्का द्यावाच लागतो असं नाही. आपल्या जवळपासच्या सर्पिल दीर्घिकांपैकी निम्म्याहून अधिकांत कमीजास्त ठळक दांडा आढळतो.

दुसरी शंका भुजांची. आतले तारे फेरी लवकर पुरी करतात, बाहेरचे उशिरा. मग इतक्या वर्षांत भुजा दोऱ्याच्या रिळासारख्या गुंडाळून का गेल्या नाहीत? हंगामात राधानगरी रस्त्यावर उसाच्या ट्रॉलीमागं अडकलेल्यांना याचं उत्तर माहीत आहे. ट्रॉलीमागं नेहमी दहा-बारा गाड्या तुंबलेल्या असतात. पण त्या त्याच गाड्या नसतात: पुढची ओलांडून जाते, मागून नवी येऊन चिकटते. तुंबारा कायम, गाड्या बदलत्या. भुजा म्हणजे असा तुंबारा. तारे आणि वायू त्यात शिरतात, काही काळ दाटतात, बाहेर पडतात. वायू दाटला की तिथं नवे तारे जन्मतात. कोवळे, मोठे तारे निळसर आणि फार तेजस्वी, म्हणून भुजा उठून दिसतात.

आता दांडा नेमकं करतो काय ते. वायूला मध्यभागाची ओढ असतेच, तरी तो आत पडत नाही, कारण तो फिरतोय. फुगडी आठवा. दोघी जणी हात घट्ट धरून गिरक्या घेतात तेव्हा गिरकी त्यांना बाहेर फेकू पाहते. हात आखडून जवळ यावं म्हटलं तर गिरकी आणखी वेग घेते आणि जवळ येणं आणखी जड जातं. आत यायचं तर गिरकी कुणाला तरी देऊन टाकावी लागते. फुगडी घालणारीचा पदर मागून कुणी धरला तर ती मंदावेल, तसंच इथं घडतं. वायूचे ढग दांड्याच्या पुढच्या कडेला एकमेकांवर आदळून दाटतात, आणि मागचा दांडा आपल्या ओढीनं त्यांचा पदर धरतो. वायूची गिरकी दांड्याकडे जाते आणि वायू दांड्याच्या कडेकडेनं मध्याकडे घसरत येतो. ताऱ्यांचं असं होत नाही, कारण ते एकमेकांवर आदळतच नाहीत. वायूचे ढग पसरट असतात, ते आदळतात.

साध्या प्रकाशातल्या चित्रात दांड्याच्या लांबीनं गेलेल्या काळसर रेघा दिसतात ना? ते धुळीचे पट्टे. वायू नेमका तिथंच आपटून दाटतो आणि त्याच वाटेनं आत उतरतो. शेताला पाणी सोडल्यावर पाटातला गढूळ प्रवाह बांधाच्या कडेनं जाताना दिसतो, तसाच हा पाट डोळ्यांना दिसतो. फक्त त्याची लांबी हजारो प्रकाशवर्षं. सगळ्या चित्रात मला हीच जागा सर्वांत आवडते.

मग एवढा वायू जातो कुठं?

त्यातला बराचसा मध्याभोवती कड्यासारखा साठतो आणि तिथं दाटीवाटीनं तारे जन्मतात. त्याहून आत, अगदी गाभ्यात, एक कृष्णविवर आहे. कृष्णविवर म्हणजे इतकं वस्तुमान इतक्या थोड्या जागेत, की उजेडही तिथून सुटत नाही. एका गाजलेल्या अभ्यासात या विवराचं वस्तुमान सुमारे २० लाख सूर्यांइतकं धरलं आहे.

आपल्या आकाशगंगेच्या मध्यातही असंच विवर आहे, सुमारे ४० लाख सूर्यांइतकं. म्हणजे आपलं काही हलकं नाही. तरी एनजीसी १३६५ चा गाभा क्ष-किरणांत धगधगतो आणि आपला जवळपास शांत आहे. तालमीच्या गावात याचं कारण सांगायला नको: प्रश्न अंगलटीचा नाही, खुराकाचा आहे. त्या विवराभोवती आज वायू पोचतोय, आपल्याकडे सध्या फार थोडा पोचतो. दांडा एकटा हा खुराक विवराच्या तोंडापर्यंत नेत नाही, शेवटच्या टप्प्यात इतर खटपटी लागतात. पण लांबून माल आणून उंबऱ्यापाशी ठेवायचं काम त्याचंच.

२०१३ मध्ये न्यूस्टार आणि एक्सएमएम-न्यूटन या दोन क्ष-किरण दुर्बिणींनी मिळून या विवराची गिरकी मोजली. विवराभोवतीच्या वायूत लोह असतं, आणि लोह ठरावीक ऊर्जेचे क्ष-किरण सोडतं. वायू विवराच्या जितका जवळ, तितकी ही खूण ताणून विस्कटते. ती इतकी विस्कटलेली होती, की विवर कमाल मर्यादेच्या किमान ८४ टक्के वेगानं फिरत असलं पाहिजे. त्यातून विवराच्या जेवणाचा इतिहास कळतो. जातं एकाच दिशेनं ओढत राहिलं तर वेग धरतं. कधी इकडून, कधी तिकडून धक्के बसले तर धरत नाही. या विवराला वायू दीर्घकाळ एकाच वळणानं मिळत गेला असावा, हा त्याचा सरळ अर्थ.

चित्रातले रंग खोटे आहेत, मग चित्र खरं कसं?

भाच्याचा एक मित्र ठासून म्हणाला, "हे सगळं कॉम्प्युटरवर रंगवलेलं." त्याचं अर्धं बरोबर आहे. वेब दुर्बीण अवरक्त किरण टिपते, आणि ते आपल्या डोळ्यांना दिसतच नाहीत. पण चुलवाणापाशी उभं राहून पाहा. चिपाडांच्या धुरानं जाळ दिसेनासा झाला, तरी त्याची धग तोंडावर येतेच. ती धग म्हणजे अवरक्त किरण. धूर उजेडाला अडवतो, धगीला तितकं अडवत नाही. दीर्घिकेतली धूळही तशीच. साध्या प्रकाशात ज्या रेघा काळ्या दिसतात, त्याच वेबच्या चित्रात तांबूस-नारिंगी उजळतात, कारण आता धूळ स्वतःच्या धगीनं दिसते. न दिसणाऱ्या किरणांना दिसणारे रंग नेमून दिले आहेत. आकार, जागा आणि कमीजास्त तेज हे मोजलेलं आहे. डॉक्टरांनी दाखवलेल्या एक्स-रेला आपण खोटा म्हणत नाही.

आपल्याच घराचा नकाशा

"बरं, पण ५.६ कोटी प्रकाशवर्षांवरच्या दांड्याचं आपल्याला काय?" हा प्रश्न तर कायमचाच.

आपल्या आकाशगंगेलाही दांडा आहे. चैत्रात ज्योतिबाच्या डोंगरावर सासनकाठ्यांच्या गर्दीत उभं राहिलं की पुढच्याची पाठ आणि उडणारा गुलाल दिसतो. गर्दीचा आकार कसा आहे हे आतून कळत नाही. आपण तसेच आकाशगंगेच्या आत, मध्यापासून सुमारे २६ हजार प्रकाशवर्षांवर उभे आहोत. तिचा मध्य धनू राशीच्या दिशेला, धुळीच्या पडद्यामागं आहे. तिथला दांडा गेल्या तीस-पस्तीस वर्षांत अवरक्त निरीक्षणांनी आणि वायूच्या गतीवरून पक्का झाला. पण त्याचा वायूवर काय परिणाम होतो, तारे कुठं जन्मतात, गाभ्याला कधी जाग येते, हे समजायला दुसऱ्या गर्दीकडे समोरच्या डोंगरावरून पाहावं लागतं. एनजीसी १३६५ हा तो समोरचा डोंगर. तिचा दांडा लांब आहे, ठळक आहे, आणि पुरेसा आपल्याकडे वळलेला आहे.

हे सगळं परक्यांचं ज्ञान आहे असंही समजू नये. वायूतला हायड्रोजन ज्या रेडिओ लहरी सोडतो, त्या टिपणारी मोठी दुर्बीण नारायणगावजवळ खोडदला आहे. पुण्याची आयुका ही संस्था उभारणारे जयंत नारळीकर जन्मले ते इथं, कोल्हापुरात, १९३८ मध्ये.

मसाई पठारावरून

शहरातल्या दिव्यांत एनजीसी १३६५ दिसणार नाही, आणि नुसत्या डोळ्यांनी तर कुठूनच नाही. आठ इंची दुर्बीण, चंद्र नसलेली रात्र आणि काळोखी जागा लागते. मसाई पठार, दाजीपूरकडचा भाग किंवा गगनबावडा. वेळेचा एक सुंदर योग आहे. नोव्हेंबरच्या किरणोत्सवात ती मध्यरात्रीनंतर पाऊणच्या सुमारास दक्षिणेला सर्वांत उंच असते, आणि जानेवारीअखेरच्या किरणोत्सवात संध्याकाळी साडेसातच्या आसपास, अंधार पडता पडता. २०१२ चा तो फुटलेला तारा सर्वांत तेजस्वी झाला तोही नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात, अंबाबाईच्या किरणोत्सवाच्या सुमारास.

शोधायला मृग नक्षत्रापासून सुरुवात करावी. मृगाच्या पायाशी जो निळसर तेजस्वी तारा आहे, तिथून यमुना हा मंद ताऱ्यांचा समूह नागमोडी वळणं घेत दक्षिणेकडे उतरतो. त्याच्या एका मोठ्या वळणाच्या कुशीत अश्मंत आहे.

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात भाच्याला घेऊन गेलो. नऊनंतर पठारावर वारा पडला आणि भिंगावर दव धरायला लागलं. दर दहा मिनिटांनी पुसावं लागत होतं. त्यानं डोळा लावला. "काही नाही मामा, नुसता काळोख." त्याला म्हटलं, सरळ बघू नकोस, जरा बाजूला बघ आणि तिथंच थांब. मंद उजेड तिरप्या नजरेला आधी सापडतो. तो बराच वेळ वाकून राहिला. रंग नाही, भुजा नाहीत, फोनवरच्या चित्रातलं काहीच नाही. फुंकर मारल्यावर काचेवर उमटते तशी धूसर खूण, आणि मधोमध बारीक ठिपका.

"गोल आहे?" मी विचारलं.

"नाही," तो डोळा न काढता म्हणाला. "आडवी आहे. लांबट."